मागे वळून न बघण्याबाबत

मी, खाली सही करणारी, चर्चच्या नोंदीत गुन्वोर पेर्शोन आणि सिनेमाच्या पाट्यांवर व्हियोला स्ट्रांडमार्क, वय वर्षे सत्तर, धंदा आधी नटी आणि नंतर दिग्दर्शिका, राहणार स्टेनशेर, हेर्नोसांडच्या उत्तरेला, आज माझ्याच स्वयंपाकघरात माझ्याच टेबलाशी बसून, राजीखुशीनं आणि कुणाचंही न ऐकता (ही सवय जुनीच आहे) लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं ठिकाणावर नाहीत. पण मृत्युपत्राला फुप्फुसं लागत नाहीत, असं वकीलबाई सेसिलिया लुंदेगोर्द यांनी सांगितलं आहे. डोक्याची खात्री नर्सबाई सिव नोरेल यांनी काल करून घेतली. त्यांनी मला आधी वार विचारला, मग पंतप्रधानांचं नाव. मी नाव सांगितलं आणि त्यांच्याबद्दलचं माझं मतही सांगितलं. नर्सबाईंनी नाव लिहून घेतलं, मत नाही घेतलं.

याआधी मी केलेली सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. विशेषतः ते, ज्यात सगळं काही मांजरीला दिलं होतं. मांजर माझ्याआधी गेली.

दोन नावांचा खुलासा इथेच केलेला बरा, नाहीतर बँकेत घोळ होईल. मी स्टॉकहोमला पहिल्यांदा सिनेमाच्या कंपनीत गेले तेव्हा मालकांनी माझा चेहरा पसंत केला आणि नाव नापसंत. "पेर्शोन? अहो, हे तर दूधवालीचं नाव झालं."

"माझी आई दूधच विकते," मी म्हटलं.

"मग तर मुळीच नको," म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर बघून समोरच्या दोन दुकानांच्या पाट्या जोडून माझं बारसं केलं. एक दुकान फुलांचं होतं, एक छत्र्यांचं. तेव्हा स्ट्रांडमार्क या नावावर जी मिळकत आहे ती माझीच, आणि त्या नावावर जी बदनामी आहे तीही माझीच धरावी.

कलम १. स्टेनशेरचं लाल घर, धक्का, होड्यांची शेड आणि वाफेच्या अंघोळीची सौना हे सगळं माझा भाऊ वारला त्याचा मुलगा तूरे पेर्शोन याला द्यावं. अट एकच. घर लालच राहील आणि समुद्राच्या बाजूला काचेची खोली बांधली जाणार नाही. तूरेच्या बायकोला काचेची खोली हवी आहे हे मला माहीत आहे. ती दर उन्हाळ्यात येऊन, हात लांब करून, पावलांनी जागा मोजते आणि मी बघितलं की व्यायाम करतेय असं दाखवते. काच बसली त्या दिवशी घर चर्चला जाईल. मी देवाला मानत नाही हे पाद्रीबाबांना ठाऊक आहे, पण घर मिळत असेल तर ते चालवून घेतील.

परसातल्या संडासाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली जो पितळी पुतळा लावला आहे, ते मला मिळालेलं सिनेमाचं मानाचं पारितोषिक आहे. ते तिथून हलवू नये. इतका उपयोग त्याचा दुसरीकडे कुठेच झालेला नाही.

कलम २. होडीचं इंजिनही तूरेला. शेजारी हॉल्गर न्यांडर गेली कित्येक वर्षं त्या इंजिनावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "गुन्वोर, तुला आता याचा काय उपयोग गं?" कायद्यानं, जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातलं काहीही मिळत नाही. त्याच्या नावानं काही लिहिलं असेल तर तेवढं कलम आपोआप बाद. वकीलबाईंनी हे याच टेबलाशी बसून समजावलं तेव्हा साक्षीदार म्हणून मला पहिलं नाव सुचलं ते हॉल्गरचं. माझी मैत्रीण इर्मेलिन शोल्ड तेव्हा मागे उभी राहून बिस्किटं ताटलीत लावत होती आणि आपलं लक्षच नाही असं दाखवत होती. तिच्याबद्दल पुढे येईलच.

कलम ३. माझ्या दोन नवऱ्यांपैकी पहिला हयात आहे. त्याला त्याचा दाढीचा ब्रश परत द्यावा. तो मी चित्रांना गोंद लावायला वापरला, हे त्याला सांगायला हरकत नाही. न्हाणीघरातला गोल आरसा त्या टीकाकारांना द्यावा, ज्यांनी माझ्या पहिल्या दिग्दर्शनाबद्दल लिहिलं होतं की एक देखणा चेहरा कॅमेऱ्याच्या चुकीच्या बाजूला जाऊन फुकट गेला. मी त्यांना प्रत्यक्ष बघितलं आहे. त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं ते त्यांनी आरशात बघून ठरवावं.

कलम ४. माझा अपुरा सिनेमा.

खरं सांगायचं तर बाकीची कलमं नसती तरी चाललं असतं. हे एक लिहायचं म्हणून कागद हातात घेतला.

सिनेमा दोन बहिणींचा आहे. एकाच घरात राहून वर्षानुवर्षं न बोललेल्या. धाकटी मरते. थोरलीचं काम इर्मेलिननं केलं आहे. सगळं चित्रीकरण झालंय, राहिलाय तो शेवटचा एक शॉट. बहिणीला पुरून आल्यावर थोरली धक्क्यावर येते, होडीत बसते, वल्ही हातात घेते आणि वल्हवत नाही. नुसती बसून राहते. मागे घराकडे वळून बघत नाही. संपलं. मे महिन्यात धक्क्यावर कॅमेरा लावून झाला होता, इर्मेलिन होडीत बसली होती, आणि 'ॲक्शन' म्हणायला मी तोंड उघडलं तर खोकला आला. तो थांबेना. मला रुग्णवाहिकेच्या बोटीत घालून नेलं आणि इर्मेलिन तशीच वल्ही धरून बसलेली मागे राहिली.

करारात असं आहे की सिनेमा पुरा होण्याआधी दिग्दर्शिका वारली तर निर्माता आपल्या मर्जीतला माणूस नेमेल. मात्र तिनं लेखी वारस नेमून ठेवला असेल तर त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. निर्माता म्हणजे कास्पर एकेनस्ताम. तो इस्पितळात फुलं घेऊन आला होता. वाईट मुलगा नाही. फुलं मात्र कबरीवर ठेवतात तसली आणली होती.

"मावशी, तुम्ही आता आराम करा," म्हणाला. "शेवटचा शॉट रास्मुस घेईल. फार हुशार मुलगा आहे. मोटारींच्या जाहिराती करतो."

"काय घेणार तो?"

"इर्मेलिनबाई वल्हवत सूर्यास्तात जातात. मागे व्हायोलिन. आणि मग काळ्या पडद्यावर तुमचा फोटो. तरुणपणीचा."

"मी अजून इथे बसलेय, कास्पर."

"हो हो, म्हणजे, नंतर."

"आणि बाळा, आमच्याकडे समुद्र पूर्वेला आहे. सूर्य मावळतो तो मागे जंगलात. तुझा रास्मुस इर्मेलिनला होडीसकट पाइनच्या झाडांत पाठवणार आहे का?"

त्यानं विचार केला आणि म्हणाला, "ते तांत्रिक बाजूवाले बघून घेतील."

तेव्हा मी स्पष्ट लिहून ठेवते की सदर सिनेमा पुरा करण्याचा, कापण्याचा, जोडण्याचा आणि त्यावरून कास्परशी भांडण्याचा संपूर्ण हक्क माझ्यानंतर इर्मेलिन शोल्ड हिचा राहील, अन्य कोणाचाही नाही.

इर्मेलिन जन्मभर नटी आहे. मला ओळखते त्याच्या आधीपासून ती प्रत्येक दिग्दर्शकाला अक्कल शिकवत आली आहे. कॅमेरा कुठे ठेवावा, दिवा कुठून यावा, समोरच्या नटानं तोंड कधी बंद ठेवावं, सगळं तिला माहीत, आणि दहातल्या नऊ वेळा ती बरोबर असते. पण "मग तूच कर ना दिग्दर्शन" म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखी किंचाळते. "मी? लोक म्हणतील, ही स्वतःला समजते तरी कोण!" हा आमच्या देशाचा रोग आहे. इथे माणूस बुडत असला तरी मोठ्यानं ओरडत नाही, शेजारी म्हणतील फार पुढे पुढे करतो.

आता एकेनस्तामांचं नाव निघालंच आहे तर कास्परच्या वडिलांचंही लिहून टाकते. सिग्वार्द एकेनस्ताम. सगळ्या स्वीडननं ज्यांना डोक्यावर घेतलं ते. अठ्ठावन्न साली त्यांचा सिनेमा इथेच, माझ्याच गावात चालू होता. त्यात माझं काम कोळ्याच्या बायकोचं, इर्मेलिनचं माझ्या जावेचं. साहेब धक्क्यावर गाडी आणून उभी करायचे आणि आत उबेत बसून दिग्दर्शन करायचे. एकदा हॉर्न वाजला की सुरू, दोनदा वाजला की थांबा. आम्ही बाहेर कुडकुडत.

नवरा बुडाल्याची बातमी येते, असा प्रसंग होता. साहेबांना हवं होतं की मी गुडघ्यांवर पडावं, हात आभाळाकडे करावेत आणि टाहो फोडावा. मी गाडीच्या काचेशी गेले. "साहेब, आमच्याकडच्या बाया असं रडत नाहीत. हातात मासा असेल तर आधी तो साफ करून ठेवतात."

साहेबांनी काच दोन बोटं खाली केली. तेव्हा आमच्यात अरेतुरे नव्हतं, समोरच्याला त्याच्याच नावानं तिऱ्हाइतासारखं संबोधायचे. "श्रीमती स्ट्रांडमार्क यांनी विचार करू नये," म्हणाले. "श्रीमती स्ट्रांडमार्क यांनी रडावं." काच वर.

तो ऑगस्टमधला आंबट हेरिंगचा गुरुवार होता. उन्हाळाभर डब्यात आंबलेला मासा त्या दिवशी बाहेर काढायचा, उघड्यावर, वारा बघून, कारण फुगलेल्या डब्याला टोचा बसला की जो वास सुटतो त्यानं परका माणूस जागचा उठतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. इर्मेलिन तर बंदरात जहाजांना वाट दाखवणाऱ्याची मुलगी. तिनं जेवणाच्या सुट्टीत डबा आणला, बरोबर साहेबांच्या गाडीच्या नाकावर ठेवला, जिथून हवा आत ओढली जाते तिथे, आणि उघडला.

साहेब स्टॉकहोमचे. दार उघडून जे सुटले ते पहिली दिसली त्या होडीत. "मला इथून न्या!" हॉल्गरच्या वडिलांनी त्यांना समोरच्या बेटावर नेऊन घातलं आणि मागोमाग धुकं उतरलं. ते तिकडे अडकले. आमच्या धक्क्यावर मात्र धुक्यातून असा मऊ उजेड उतरला की म्हातारे कॅमेरामन ओल्ले टोपी काढून उभे राहिले. "उजेड आलाय," म्हणाले. "कुणीतरी काहीतरी म्हणा."

सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे. शेवटी इर्मेलिननं नाक धरून गाडीत हात घातला आणि हॉर्न दाबला.

मी मासा साफ केला. शेवटपर्यंत. सुरी पुसली, पाणी ओतलं, मग टोपलीवर बसले. रडले नाही. पुढचे तीन शॉट कुठून घ्यायचे ते मी ओल्लेंना सांगितलं, आणि सांगताना मला कळलं की आता मी कॅमेऱ्यासमोर नुसती उभी राहून आयुष्य काढू शकणार नाही. त्या सिनेमातला तेवढाच प्रसंग लोकांना आठवतो. साहेब मरेपर्यंत मुलाखतीत सांगत राहिले, "मीच तिला म्हटलं, रडू नकोस." त्यांच्या कंपनीच्या जिन्यात त्या प्रसंगाचा मोठा फोटो आहे, खाली त्यांचं नाव. कास्परनं तो तसाच ठेवावा. माझं काही म्हणणं नाही. आता माझं म्हणणं एवढंच की बापानं पहिला शॉट नेला, पोरानं शेवटचा नेऊ नये.

इर्मेलिनला आजही विचारलं की डबा तिथे का उघडलास, तर भुवई न हलवता सांगते, "मुद्दाम नाही गं. वारा फिरला."

शेवटच्या शॉटबद्दल माझी सक्त सूचना: थोरलीनं मागे वळून बघायचं नाही. यावरून इर्मेलिननं माझ्याशी वसंतभर वाद घातला. "घर सोडताना कुठली बाई मागे बघत नाही?" "ही बघत नाही." "मी बघितलं असतं." "म्हणून तू नटी आहेस आणि मी दिग्दर्शिका." त्यावर तिनं दार इतक्या जोरात आपटलं की कपाटातल्या कपबशीतला कप फुटला. बशी शिल्लक आहे, ती तिलाच द्यावी.

कलम ५. माझ्या प्रेतयात्रेत व्हायोलिन नको. कॉफी कडक असावी आणि घरी भाजलेल्या बिस्किटांचे सात प्रकार असावेत, विकतचे आणले तर मी उठून बसेन. कास्परला भाषण करू देऊ नये. फारच रडकुंडीला आला तर त्याला भांडी विसळायला द्यावीत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई लुंदेगोर्द यांनी करावी. वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, स्वतःच दोनदा हसले.

सही: गुन्वोर पेर्शोन, ऊर्फ व्हियोला स्ट्रांडमार्क

साक्षीदार पहिला: हॉल्गर न्यांडर
साक्षीदार दुसरा: इर्मेलिन शोल्ड — खोडलं आहे. का ते खाली.

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच टेबलाशी.

दुसऱ्या साक्षीदार नर्सबाई यायच्या होत्या. फेरीबोट उशिरा निघाली म्हणून त्यांचा फोन आला. इर्मेलिन हेरिंगसाठी कांदा चिरत होती. हात पुसत म्हणाली, "एवढ्यातेवढ्यासाठी नर्सबाईंना कशाला ताटकळत ठेवायचं? मी करते की सही." मी दमले होते. कागद तिच्याकडे सरकवला. तिनं चाहत्याला देतात तशी झोकात सही ठोकली, एक बिस्किट उचललं आणि खाऊ लागली. तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मी बघतच राहिले. हाच चेहरा मी तिच्याकडे एका सिनेमात मागितला होता, तेव्हा मेलीला जमला नव्हता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं बये! तू साक्षीदार झालीस!"

"अगंबाई, हो का? मग सिनेमा नाही मिळायचा मला? वाईट झालं."

"मुद्दाम केलंस."

"छे. वारा फिरला."

हॉल्गर टोपी चुरगाळत दाराकडे बघायला लागला.

"इर्मेलिन, मी मेले की तो पोरगा तुला होडीसकट जंगलात पाठवेल."

"पाठवू दे. तिथे कसं का होईना, काय करायचं ते कुणीतरी मला सांगेल तरी. तू नसताना मी त्या धक्क्यावर उभी राहून 'ॲक्शन' म्हणू? कुणाला म्हणू गं? तुझ्या खुर्चीला?" ती वळली, फळी ओढली आणि पुन्हा कांदा चिरायला लागली. वाडगंभर कांदा चिरून केव्हाच तयार होता. ती चिरतच राहिली, आणि आमच्या दोघींपैकी कुणीही हात आभाळाकडे केले नाहीत.

मला तिचा भयंकर राग आला आणि तितकंच प्रेमही आलं. दोन्ही एकदम आलं की माणसाला काहीतरी करावंच लागतं. मी उठले, फडताळातून गेल्या वर्षीचा डबा काढला. फुगून चेंडू झाला होता. टेबलावर ठेवला, खिडकी लावून घेतली आणि टोचा हातात घेतला.

"गुन्वोर, घरात नको!" हॉल्गर ओरडला. "पडदे जाळावे लागतील!"

"खोड तुझं नाव," मी इर्मेलिनला म्हटलं.

"नाही खोडत."

मी टोचा दाबला. डब्यानं फुस्स केलं. हॉल्गर बाहेर होता, कसा गेला ते दिसलं नाही. इर्मेलिन रुमाल नसल्यामुळे माझा पडदा नाकाला लावून उभी राहिली, डोळ्यांतून धारा, आता कांद्याच्या कुठल्या आणि कशाच्या कुठल्या ते देव जाणे.

"खोडते! अगं खोडते, सैतानिणी! बंद कर तो!"

फुगलेला डबा एकदा टोचला की बंद होत नाही, हे तिलाही माहीत आहे. खोडलं तिनं. तेवढ्यात नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, एक पाऊल मागे गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "इथे कोण गेलं?"

"अजून कुणी नाही. या, सही करा," मी म्हटलं.

हॉल्गरला बाहेरून बोलावून आणलं. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असताना मी पुन्हा सही करत आहे. त्याआधी इर्मेलिननं कागद मागून घेतला. म्हणाली, एक ओळ लिहायची आहे, नाहीतर ती इथून हलणार नाही. लिहू दिली. ती अशी:

"कबूल. शॉट मी घेईन. पण मी मागे वळून बघणार. — इर्मेलिन शोल्ड"

वाचलं. माझी सक्त हरकत आहे. पण आता दिग्दर्शिका ती आहे.

सही: गुन्वोर पेर्शोन

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी हजर, दार उघडं ठेवून:
हॉल्गर न्यांडर, निवृत्त कोळी (इंजिनाचं लक्षात आलं आहे)
सिव नोरेल, परिचारिका

स्टेनशेर, गुरुवार, १५ ऑगस्ट १९९६